कव्हरेज शून्य

पुण्याच्या मॅडमचा फोन आला तेव्हा दादांनी मोबाईल स्पीकरवर टाकला होता, म्हणून ते वाक्य आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. "तुमचं कव्हरेज शून्य आहे," मॅडम म्हणाल्या. दादा तडक उठले, मोबाईल घेऊन गॅलरीत गेले, कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले आणि ओरडले, "आता? आता येऊन राहिला का आवाज?"

खाली रस्त्यावरच्या माणसांनी माना वर केल्या. मग मॅडम लहान मुलाला समजावावं तशा सावकाश म्हणाल्या, "मोबाईलचं नाही हो. कोडचं कव्हरेज."

मला आणि भाईला ते आधीच कळलं होतं. दादांना अडवता आलं असतं, पण आम्हाला बघायचं होतं ते कितपत वाकतात.

दादा म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. दर्यापूरकडचे. घरची काळी, भारी जमीन. इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरी केली आणि परत आले. कारण विचारलं की सांगायचे, "तिथं लोक रस्सा म्हनून गोड पानी पाजतात बापा." अमरावतीत फवारणी पंपांच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्याने घेतली आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर 'टेक्नॉलॉजीज' असं अनेकवचन होतं. आत आम्ही तिघं. दादा, मी आणि भाई. भाई माझ्यासारखाच अकोल्याचा. त्याच्या वडिलांचं तिथे गाद्या भरायचं दुकान होतं. घरी उर्दू, शाळेत मराठी, क्रिकेट बघताना हिंदी, आणि कोड चालला नाही की तिन्ही एकदम. मी त्याला भाई म्हणायचे, तो मला ताई. आठवडाभर अमरावतीत खोली करून राहायचं आणि शनिवारी अकोल्याला घरी जायचं, हा आम्हा दोघांचाही परिपाठ होता.

ती वर्षं वऱ्हाडात कोणी ना कोणी पाहणीला येण्याची होती. आज समिती, उद्या मंत्री, परवा परदेशातून कोणी प्राध्यापक. टीव्हीच्या गाड्या डोक्यावर छत्री उघडी ठेवून गावोगाव फिरायच्या. शेतकऱ्याचं काहीतरी भलं करायचंच, असं पुष्कळ लोकांनी मनावर घेतलं होतं. त्यांच्यातल्याच एका पुण्याच्या संस्थेला वाटलं की शेतकऱ्याला वेळच्या वेळी मेसेज गेला पाहिजे. पाऊस किती झाला, पीक कोणतं, कीड कोणती, त्यावरून आज काय करायचं ते दोन ओळींत. ते काम दादांना मिळालं. आम्ही पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. सुरुवातीला प्रयोग म्हणून थोडेच तालुके घेतले होते. दर्यापूर, तेल्हारा, आणि अजून एक-दोन.

आता कव्हरेज म्हणजे काय ते सांगते. प्रोग्राम लिहिला की त्याची चाचणी घ्यायची. चाचणी चालू असताना प्रोग्रामच्या कोणत्या ओळी खरोखर चालल्या आणि कोणत्या जागच्या हलल्याच नाहीत, हे मोजणारं एक साधन असतं. ते शेवटी अहवाल देतं. चाललेली ओळ हिरवी, न चाललेली लाल. त्या संस्थेच्या मॅडमनी पुण्यात बसून आमच्या प्रोग्रामवर ते साधन चालवलं होतं. पीक आणि पावसाचे सगळे नियम ज्या फाईलमध्ये होते, जी आम्ही पावसाळाभर खपून लिहिली होती, ती वरपासून खालपर्यंत लाल आली होती.

"म्हणजे तुम्ही तिची चाचणीच घेतलेली नाही," मॅडम म्हणाल्या.

"घेतली ना," दादा म्हणाले. "रोज घेऊन राहिलो."

"मग साधन खोटं बोलतंय का?" असं विचारून त्यांनी सांगितलं की पुढच्या आठवड्यात त्या स्वतः अमरावतीला येऊन बघणार आहेत.

फोन ठेवल्यावर दादांनी पंखा मोठा केला. मग म्हणाले, "थ्या बाईनं आपल्याले चोर म्हटलं का?"

"चोर नाही म्हटलं," मी म्हणाले.

"आळशी म्हटलं," भाई म्हणाला. "चोर परवडला."

मला खरंच लागलं होतं. मी अकोल्याच्या साध्या कॉलेजातून शिकलेली, इंग्रजी बोलताना मनात आधी वाक्य जुळवून घेणारी. आपलं काम बघून कोणी म्हणावं की हिने केलंच नाही, याचा राग मला आला आणि त्याच्या तळाशी थोडी भीतीही होती. खरंच आपलं काही राहून गेलं असेल तर? दादांना असले प्रश्न पडत नसत. त्यांना भूक लागली होती. त्यांनी कचोरी मागवली.

आम्ही आमच्याकडे तेच साधन चालवलं. तसंच लाल. आधी वाटलं, साधन भलतीच प्रत मोजतंय. शोधलं तर दादांच्या कृपेने खरंच त्या फाईलच्या जुन्या प्रती ठिकठिकाणी सापडल्या. त्यांना काहीही पुसवत नसे. एका फोल्डरचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन खरं', तिसऱ्याचं 'हेच घ्या'. आम्ही सगळ्या प्रती उडवून एकच ठेवली. पुन्हा चालवलं, तरी लालच. मधेच लोडशेडिंग व्हायचं, इन्व्हर्टर कुंथायचा, आणि अहवाल तयार होता होता संगणक बंद पडायचा. दादा म्हणायचे, "महावितरणले पन आपलं कव्हरेज पसंत नाई."

शेवटी भाईने सगळ्यात जुना, सगळ्यात अडाणी आणि सगळ्यात भरवशाचा उपाय काढला. नियमांच्या फाईलमध्ये मधोमध त्याने एक ओळ घुसवली. ती चालली की पडद्यावर काहीतरी छापून यावं, एवढंच तिचं काम. शहाणी माणसं अशा वेळी 'इथपर्यंत आलो' वगैरे छापतात. भाईने लिहिलं, 'मी चालून राहिलो ना बे'.

चाचणी चालवली. आम्ही तिघं पडद्याला नाक लावून बसलो. चाचणी संपली, सगळं पास. पडद्यावर बाकी सगळं आलं, पण ती ओळ काही आली नाही.

भाईचा चेहरा पडला. "ताई, बाई खरं बोलून राहिली," तो म्हणाला. "ही फाईल चालतच नाही."

"चालत नाही तर मेसेज कुठून बनतात?"

"खुदा जाने."

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हा धंदा कळत नाही. गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजला की तो फुगतो हे निदान दिसतं तरी, असं भाई म्हणाला, आणि मला त्याचा हेवा वाटला. त्याला निदान परत जायला एक दुकान होतं.

इतक्यात दादांचा मोबाईल वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. फोन चांदूर बाजारहून होता, त्यांच्या सासऱ्यांचा. दादा त्यांना मामाजी म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो. मामाजींची संत्र्याची बाग होती आणि आवाज असा की स्पीकरची गरज नव्हती.

"जावईबुवा, मी तुमाले पोरगी देली."

"हो मामाजी."

"आन् तुमी मले बे म्हनता?"

दादा खुर्चीवरून उठलेच. "मी? नाई मामाजी, मी कावून म्हनीन?"

"मंग हे काय आलं मोबाईलवर? तुमच्याच कंपनीचा मेसेज हाय. सोयाबीनमधलं पानी काढा, आन् त्याच्या खाली, मी चालून राहिलो ना बे. कोठी चालून राहिले तुमी? आन् मले कावून सांगून राहिले?"

झालं होतं असं. चाचणीसाठी खरे मोबाईल हवेत म्हणून दादांनी आपल्या नातेवाइकांचे नंबर यादीत घातले होते. त्या काळी साध्या मोबाईलवर देवनागरी उमटायची नाही, म्हणून आम्ही मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत पाठवायचो. त्या अक्षरांतही 'बे' कोणालाही स्वच्छ वाचता येत होता.

दादा गॅलरीत जाऊन माफी मागत राहिले. आत भाई हळूहळू माझ्याकडे वळला.

"ताई. ती ओळ चालली."

"चालली. मामाजींकडे गेली."

"पडद्यावर यायच्या ऐवजी मेसेजमध्ये गेली. म्हणजे ती इथं चाललीच नाही. दुसरीकडे चालली."

मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आमचा मुख्य प्रोग्राम मेसेज स्वतः बनवत नव्हता. तो दर तालुक्यासाठी एक वेगळा छोटा प्रोग्राम सुरू करायचा आणि तो जे काही बोलेल ते उचलून मेसेज म्हणून धाडायचा. ही दादांची रचना. मोजणारं साधन मुख्य प्रोग्रामच्या दाराशी बसून होतं. खरं काम मागच्या खोलीत चाललं होतं आणि तिकडे बघायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आळशी नव्हतो. मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने हसले, आणि गॅलरीतून माफी मागणाऱ्या दादांनी मला हाताने गप्प केलं.

भाईने आधी आपली ती ओळ पुसली, मग साधनाला सांगून ठेवलं की प्रत्येक छोटा प्रोग्राम सुरू होताना तिथेही बस. पुन्हा चालवलं. लाल. भाईने टेबलावर डोकं टेकवलं.

आता चूक निराळी होती. साधन मोजत तर होतं, पण मोजलेलं ते शेवटी, प्रोग्राम रीतसर संपताना लिहून ठेवतं. दादांनी मात्र अशी सोय केली होती की मेसेज हातात आला रे आला की त्या छोट्या प्रोग्रामचा गळा दाबायचा. त्याला काही लिहायला वेळच मिळत नव्हता.

"दादा, तुम्ही यांना मारता कशाला?" मी विचारलं.

"लोंबकळत रायतात ना मंग. काम झालं का जा घरी."

"जातात ते आपल्या पायाने. जरा दम धरा."

दादांनी नाराजीने ती गळा दाबायची ओळ काढायला परवानगी दिली. मग सगळे छोटे प्रोग्राम एकाच फाईलवर आपापलं लिहायला लागले आणि प्रत्येक जण आधीच्याचं पुसायला लागला. प्रत्येकाला वेगळी फाईल दिली आणि शेवटी सगळ्या एकत्र केल्या. या वेळी अहवाल उघडला तेव्हा पडदा असा हिरवागार झाला की दादा म्हणाले, "मेळघाट दिसून राहिला."

फक्त खाली एक लाल पट्टा होता. संत्र्याच्या नियमांचा. तो काही आमच्या लक्षात येईना. मॅडमच्या येण्याचा दिवस उजाडला तेव्हाही तो तसाच होता.

मॅडम सकाळी बडनेरा स्टेशनवर उतरून आल्या. मी मनात एक जाडजूड, चष्म्यावरून बघणारी बाई धरली होती. त्या माझ्याहून जेमतेम काही वर्षांनी मोठ्या निघाल्या, पाठीवर सॅक, आणि उन्हाने लाल झालेलं नाक. आम्ही काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी मधे न बोलता ऐकलं, मग स्वतः चालवून पाहिलं आणि म्हणाल्या, "मी फोनवर जे बोलले ते चुकलं. साधन खोटं बोलत नव्हतं, पण मी त्याला अर्धाच प्रश्न विचारला होता." मला त्या एकदम आवडल्या, आणि आठवडाभर साठवलेला राग वाया गेल्याचं थोडं वाईटही वाटलं.

"पण हे संत्र्याचं लाल का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि मामाजी दारात उभे राहिले. धोतर, टोपी, हातात फुगलेली कापडी पिशवी. फोनवरच्या माफीने त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते चांदूर बाजारहून एसटीने आले होते.

ते आत आले आणि त्यांनी पिशवी मॅडमसमोरच्या टेबलावर उलटी केली. हिरवी, कच्ची, गळून पडलेली संत्री. ती कीबोर्डवरून घरंगळली, खुर्च्यांखाली गेली, एक इन्व्हर्टरमागे जाऊन बसलं.

"जावईबुवा, हे पाहा. आठवडा झाला, नुसती गळून राहिली. आन् तुमचा मेसेज म्हन्ते, सोयाबीनमधलं पानी काढा. माया वावरात सोयाबीन हायच कोठी? दर खेपेले सांगतो, तुमी आयकत नाई."

हे खरं होतं. मामाजी बरेच दिवस सांगत होते की मला सोयाबीनचे मेसेज येतात. पण मामाजींची तक्रार नसलेली गोष्ट आमच्या माहितीत नव्हती. लग्नातल्या बुंदीबद्दलही ते अजून बोलायचे. म्हणून दादांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

मॅडम उभ्या राहिल्या. "काका, बसा ना. मला जरा नीट सांगता का, गळ कधीपासून आहे?"

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं, मग दादांना विचारलं, "ह्या कोन?"

"पुण्याहून आल्या मामाजी. कव्हरेजसाठी."

मामाजींचा चेहरा एकदम बंद झाला. त्यांनी टोपी सारखी केली आणि मॅडमना म्हणाले, "आमच्या गावात कोनी मेलं नाई, बाई. तुमी उगाच आल्या."

खालच्या दुकानात कोणीतरी पंप तपासून बघत होतं, त्याचा फसफस आवाज तेवढा येत होता. मॅडमचं उन्हाने लाल झालेलं नाक सोडून बाकीचा चेहराही लाल झाला. आमच्या घरांत, आमच्या बाजारांत त्या वर्षांत कव्हरेज हा शब्द त्याच एका अर्थाने यायचा. कोणा शेतकऱ्याने जीव दिला की गाडी यायची, छत्री उघडायची, रडणाऱ्या बाईसमोर माईक धरायची. त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की बाहेरच्या माणसासमोर तो अर्थ उघडा पडेपर्यंत आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मी टीव्हीची नाही हो," मॅडम हळू म्हणाल्या. "मी हा मेसेज चुकतो का ते बघायला आले आहे."

"चुकतेच," मामाजी म्हणाले आणि बसले. "त्यासाठी पुन्याहून यायची काय गरज होती? मले फोन करायचा."

मग मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि गाव विचारलं. "चांदूर बाजार," ते म्हणाले. मॅडमनी आमच्या प्रोग्राममधली यादी उघडली. "चांदूरला तर सोयाबीनच लिहिलंय."

"कोनतं चांदूर?"

"म्हणजे? चांदूर दोन आहेत?"

भाई माझ्या शेजारी होता. तो तोंडावर हात ठेवून खाली बसला, संत्री गोळा करण्याच्या निमित्ताने. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वे आहे, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. प्रयोगाच्या यादीत दोन्ही होते. पुण्याने पाठवलेली यादी बरोबर होती. पण मेसेज आखूड राहावा म्हणून दादांनी तालुक्याच्या नावातला पहिलाच शब्द घ्यायची सोय केली होती. चांदूर बाजार आत आलं, त्याच्या मागून चांदूर रेल्वे आलं आणि त्याच्याच जागेवर बसलं. संत्रं आमच्या यादीत फक्त चांदूर बाजारला होतं. ते गाव गेलं, तशी संत्र्याची पाळीच कधी आली नाही. लाल पट्टा तेवढंच सांगत होता.

मी हे जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. दादा भिंतीकडे बघत होते.

मामाजींना प्रोग्राम कळला नाही, पण सार बरोबर कळलं. "म्हंजे जावयानं सासऱ्याचं गावच खाल्लं म्हना," ते म्हणाले. "दर्यापूर ठेवलं ना? थे नाई विसरले."

"मामाजी, तसं नाई..."

"तुमी बोलू नका. पोट्टी, तू सांग. मायं गाव परत येते का?"

"येतं मामाजी. आत्ता येतं."

मी पूर्ण नावं घ्यायला लावली, दोन्ही चांदुरांची नियमांसकट चाचणी लिहिली, आणि मामाजी माझ्या मागे उभे राहून प्रत्येक अक्षर टाईप होताना बघत राहिले. पट्टा हिरवा झाला. पहिला संत्र्याचा मेसेज गेला आणि त्यांच्याच खिशात वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचला. सततच्या पावसाने फळगळ संभवते, बागेत पाणी साचू देऊ नका, गळलेली फळं उचलून नष्ट करा.

"हे तं मले माईतच हाय," ते म्हणाले. तरी त्यांनी तो दोनदा वाचला, आणि मग मॅडमना बागेत यायचं आमंत्रण दिलं.

मॅडम गेल्याही. दादांच्या जीपने आम्ही सगळे गेलो. त्या चिखलात घोट्यापर्यंत रुतल्या, मामींच्या हातचं तिखट भरीत खाऊन त्यांनी डोळ्यांतून पाणी काढलं, आणि तरी पुन्हा मागितलं. त्यावर मामाजींनी त्यांना पुण्याची असूनही चांगली ठरवून टाकलं.

मेसेजची ती योजना पुढचा एक हंगाम चालली. मग संस्थेचा पैसा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याकडे वळला आणि ती गेली, बाकीच्या योजना गेल्या तशीच. कोणी बंद झाली म्हणून सांगितलं नाही, आणि फार कोणी विचारलंही नाही. तिने वऱ्हाडाचं काही भलं झालं असं मी म्हणणार नाही. मामाजींना दुसरीकडे तक्रार करावी लागली, एवढं मात्र झालं.

त्या खेपेला पुण्याला परत जाताना मॅडमनी मला त्यांच्याकडे नोकरीला बोलावलं होतं. त्या शनिवारी मी अकोल्याला गेले आणि आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं, लाल ओळी, दोन चांदूर, गळलेली संत्री, नोकरीचं बोलावणं. आई कणीक मळत होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"थ्या मॅडमचं लग्न झालं काय?" तिने विचारलं.

"मला नाही माहीत, आई. मी विचारलं नाही."

"दिवसभर सोबत होत्या आन् हे नाई विचारलं?" ती म्हणाली. मग कणकेला एक गुद्दा हाणून म्हणाली, "जा मंग पुन्याले. पन तिखट घेऊन जाजो. मी कांडून देतो."